घरघरीची पूजा

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दर महिन्याला रेकॉर्ड ऐकण्याची बैठक भरते. सात-आठ जण असतात, बहुतेक साठीच्या पुढचे काका, आणि त्यांच्यात मी. चपला बाहेर, फोन सायलेंट, चहा मध्यंतरात. यजमानांकडे दोन सबवूफर आहेत, प्रत्येकी बारा इंची, आणि त्यांच्या जाळ्या काढून ठेवलेल्या असतात, म्हणजे आतला काळा पडदा दिसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या पडद्यानेच खिळवून ठेवलं. दोन गाण्यांच्या मधली शांतता चालू होती, खोलीत चिटपाखरूही बोलत नव्हतं, आणि तो पडदा मात्र बेडकाच्या गळ्यासारखा आत-बाहेर, आत-बाहेर होत होता. आवाज शून्य, धाप मात्र जोरात.

मी विचारलं, "काका, हे काय होतंय?"

"अगं, अ‍ॅनलॉग आहे ते. श्वास घेतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण नवीन माणसाने अशा ठिकाणी मान डोलवायची असते.

पुढच्या महिन्यात मी आत्याने दिलेली एक रेकॉर्ड घेऊन गेले. जुन्या नाट्यगीतांची, मोनो, सांगलीच्या घरात माळ्यावर वर्षानुवर्षं आडवी पडून राहिलेली. उन्हाळ्यांनी तिला एका बाजूने वाकवलं होतं. काकांनी ती लावली. सुई होडीसारखी वर-खाली होऊ लागली, सबवूफरचा पडदा फाटेल की काय असा हलला, आणि पहिलं गाणं निम्म्यावर येण्याआधीच अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागून सगळं बंद पडलं.

"गेली ही," काका म्हणाले. "फेकून दे. नाहीतर घड्याळ कर हिचं. मस्त दिसतं भिंतीवर."

मी विचारलं, "फिल्टर लावून बघायचा का?"

खोलीत अशी शांतता पसरली, की जणू मी पुरणपोळीबरोबर केचप मागितला होता.

हा लेख त्या शांततेविरुद्ध आहे.

श्वास नव्हे, वाकडेपणा

आधी तो 'श्वास' म्हणजे काय ते पाहू. एलपी मिनिटाला 33⅓ वेळा फिरते, म्हणजे एक फेरी 1.8 सेकंदांत. तबकडी एका जागी वाकलेली असेल तर दर फेरीला सुई एकदा वर चढते आणि खाली उतरते. सेकंदाला साधारण अर्धा हेलकावा, म्हणजे 0.55 हर्ट्झ. वाकडेपणा आखूड असेल, एखाद्या उंचवट्यासारखा, तर हेलकाव्याचा वेग वाढून तो काही हर्ट्झपर्यंत जातो. माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झच्या खाली सूर म्हणून काही ऐकू येत नाही. त्यामुळे हा सगळा कारभार कानाच्या तळघरात चालतो.

आता आकार बघा. खाचेत कोरलेलं संगीत मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मावतं. तबकडीचा वाकडेपणा सहज एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे गाणं मुंगीएवढं आणि खड्डा हत्तीएवढा. सुदैवाने सुई धरणारा हात, म्हणजे टोनआर्म, स्वतःच वर-खाली होऊन यातला बराच भाग पचवतो. पण सगळा नाही.

इथे दुसरी गंमत सुरू होते. सुई ज्या लवचीक दांडीवर बसते ती एक स्प्रिंग आहे आणि टोनआर्म हे तिला टांगलेलं वजन. कोणत्याही स्प्रिंगला वजन टांगलं की तिची एक स्वतःची लय ठरते. त्या लयीत धक्का बसला की ती प्रमाणाबाहेर झुलते. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिल्यासारखी. हिशेब सोपा आहे. हात आणि कार्ट्रिज यांचं परिणामी वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. वजन 20, लवचीकता 15 असेल तर उत्तर येतं साधारण 9 हर्ट्झ. हे छान. संगीत याच्या वर आहे, तबकडीचे हेलकावे याच्या खाली. पण जड हाताला मऊ कार्ट्रिज लावलं, म्हणजे वजन 30 आणि लवचीकता 30, तर उत्तर 5.3 हर्ट्झ. हे हेलकाव्यांच्या वस्तीत घर घेण्यासारखं झालं. प्रत्येक वाकडेपणा आता झोपाळ्याला झोका देणार.

आणि यावर कळस म्हणजे फोनो प्रीअ‍ॅम्प. रेकॉर्ड कापताना खर्जाचा भाग मुद्दाम लहान करून कापतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला वीस मिनिटं मावणारच नाहीत. वाजवताना तो परत मोठा करायचा. 1954 पासून उद्योगाने स्वीकारलेल्या या नियमाला आरआयएए वक्र म्हणतात. त्यानुसार 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झचा आवाज 19.3 डेसिबलने, म्हणजे सुमारे नऊपट, वाढवला जातो. 20 च्या खालीही ही वाढ तशीच चालू राहते. प्रीअ‍ॅम्पला कुठे माहीत, की हा तंबोऱ्याचा खर्ज आहे की आत्याच्या माळ्यावरचा मे महिना? तो दोघांनाही सारखंच मोठं करतो.

सबवूफर येतो आणि भांडं फुटतं

छोट्या स्पीकरवर ही कटकट जाणवत नाही, कारण त्यांना तितकं खाली उतरताच येत नाही. सबवूफर मात्र त्याच कामासाठी जन्माला आलेला असतो. त्याला 6 हर्ट्झचा सिग्नल मिळाला की तो इमानदारीने पडदा हलवतो. खोलीत त्याचा आवाज होत नाही. हवेत ढकलाढकली होते, एवढंच. पण त्या हालचालीसाठी अ‍ॅम्प्लिफायरची ताकद खर्च होते, आणि पडदा आधीच टोकाला जाऊन पोचलेला असताना डग्ग्याची थाप आली तर तिला हलायला जागाच उरत नाही. थाप मग बसकी, चिरकी येते. ज्या सबवूफरच्या पेटीला भोक असतं त्यात आणखी वाईट. पेटी ज्या लयीला बांधली आहे तिच्या खाली आतल्या हवेचा पडद्यावरचा लगाम सुटतो आणि तो मोकाट सुटतो.

"पण माझ्या सबवर क्रॉसओव्हर आहे, 80 ला लावलाय," असं तुम्ही म्हणाल. तो क्रॉसओव्हर 80 च्या वरचं अडवतो. खालचं सगळं आत सोडतो, 6 हर्ट्झसकट. दारावर उभा केलेला रखवालदार फक्त उंच माणसांनाच अडवत असेल तर उंदरांचं काय?

विश्वास नसेल तर तुमच्या हातातल्या फोनलाच विचारा. सुई गाण्याच्या आधीच्या कोऱ्या खाचेत ठेवा, आवाज नेहमीइतका करा आणि सबच्या पडद्याचं स्लो-मोशन चित्रण करा. संगीत नाही आणि पडदा पोहतोय, असं दिसलं तर ते अ‍ॅनलॉगचं श्वसन नाही. ती घरघर आहे. इंग्रजीत रंबल म्हणतात. मराठीत घरघर कधी लागते हे तुम्हाला माहीत आहे.

शुद्धतेचं सोवळं

आता मुख्य मुद्दा. उपाय स्वस्त आहे, जुना आहे आणि साधा आहे: 20 हर्ट्झच्या आसपासचा सबसॉनिक फिल्टर. मग तो लावायला इतका विरोध का?

कारण फिल्टर म्हणजे 'मध्ये काहीतरी घालणं'. सिग्नल शुद्ध हवा, सुईपासून कानापर्यंत कोणी हात लावता कामा नये, असं एक सोवळं या छंदात पाळलं जातं. ऐकायला भारदस्त वाटतं. फक्त ते खरं नाही.

रेकॉर्ड कापली जाते तेव्हाच तिला पहिला हात लागतो. आरआयएए वक्र स्वतःच एक फिल्टर आहे, आणि तो दोनदा लागतो, एकदा कापताना आणि एकदा उलटा वाजवताना. कापणारा तंत्रज्ञ खर्जाचा भाग दोन्ही बाजूंना सारखा करून घेतो, म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक पुसून तो मोनो करतो, नाहीतर सुई खाचेतून उडेल. अतिखालचे सूर तो बहुतेकदा तिथेच छाटतो. म्हणजे तुमच्या हातात तबकडी येते तोवर तिची गाळणी अनेकदा झालेली असते. आपण चहासुद्धा गाळून पितो. चोथ्यासकट पिणाऱ्याला कोणी चहाचा जाणकार म्हणत नाही.

आणि ज्या सुवर्णकाळाच्या नावाने हे सोवळं पाळलं जातं त्या काळाला तरी ते मान्य होतं का? सत्तरच्या दशकातले जपानी अ‍ॅम्प्लिफायर बघा. पायोनियर, यामाहा, सॅन्सुई यांच्या अनेक मॉडेलांच्या समोरच्या पाटीवर 'सबसॉनिक' किंवा 'लो फिल्टर' असं बटण होतं. बाजूलाच 'मोनो' असं दुसरं. तेव्हाच्या इंजिनिअरांना रेकॉर्डी वाकतात हे माहीत होतं, आणि ग्राहकाच्या घरात त्या वाकणारच हेही. 1976 मध्ये तर आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, वाजवण्याच्या वक्रातच 20 हर्ट्झच्या खाली उतार देणारी दुरुस्ती सुचवली. बटणं नंतर गेली. महागड्या यंत्रांवर जितकी कमी बटणं तितकी प्रतिष्ठा मोठी, असा काळ आला. उपयोगाची वस्तू काढून टाकली आणि तिच्या नसण्याची किंमत लावली.

बरं, या शुद्ध कानांना अशुद्धी कळते तरी का? 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित रेकॉर्ड कंपनीला मान्य करावं लागलं, की तिच्या अनेक रेकॉर्डी बनवताना मधला एक टप्पा डिजिटल होता, आणि हे बरीच वर्षं चाललं होतं. त्याच रेकॉर्डी 'अस्सल अ‍ॅनलॉग' म्हणून डोक्यावर घेतल्या गेल्या होत्या. त्या चांगल्या वाजत होत्या, हे खरंच होतं. पण त्या चांगल्या वाजण्याचं कारण शुद्धता नव्हतं, काळजीपूर्वक केलेलं काम होतं. आमच्या बैठकीतही या बातमीवर चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला, की "तरी मला आधीच शंका होती."

विरोधकांचं बरोबर कुठे आहे

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. सगळे फिल्टर चांगले नसतात. आयईसीच्या दुरुस्तीतला उतार फार सौम्य होता. तो 20 हर्ट्झला 3 डेसिबल कापतो, 40 लाही जवळजवळ एक डेसिबल खातो, आणि जिथे खरी घाण आहे त्या 8 हर्ट्झला जेमतेम साडेआठ डेसिबल कमी करतो. म्हणजे पाहुण्याच्या ताटातलं काढायचं आणि चोराला सोडायचं. काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांची 'लो फिल्टर' बटणं तर त्याहून वरपासून कापायला सुरुवात करतात. असे फिल्टर ऐकून कोणी फिल्टरांवर कायमची फुली मारली असेल तर राग समजण्यासारखा आहे.

पण उताराला धार दिली की चित्र बदलतं. 20 हर्ट्झवर 18 डेसिबल प्रति सप्तकाचा फिल्टर घ्या. 8 हर्ट्झला तो जवळजवळ 24 डेसिबल कापतो, 4 हर्ट्झला 42. आणि 40 हर्ट्झला? एका डेसिबलच्या दहाव्या भागापेक्षाही कमी.

आता आपण काय ऐकतो ते मोजा. पियानोची सर्वांत खालची पट्टी 27.5 हर्ट्झ. बास गिटारची जाड तार 41. पुरुष गायकाचा काळी एक धरलेला तंबोरा घेतला तर त्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. चर्चमधल्या प्रचंड पाइप ऑर्गनची एखादी नळी 16 पर्यंत जाते, पण तुमच्या संग्रहात अशा किती रेकॉर्डी आहेत? ख्याल, नाट्यगीत, लावणी, जुनी सिनेगीतं यांत 20 हर्ट्झच्या खाली एकही सूर नाही. तिथे आहे तो फक्त वाकडेपणा, मोटर आणि शेजाऱ्याने आपटलेलं दार.

क्रमाने काय करायचं

फिल्टर हे पहिलं पाऊल नाही, हेही सांगायला हवं. आधी घर झाडा.

एक, जागा. सबवूफर आणि रेकॉर्ड प्लेअर एका फळीवर किंवा एका लाकडी युनिटवर ठेवू नका. सबचा धक्का फळीतून सुईत जातो, सुईतून परत सबमध्ये, आणि आवाज वाढवला की हुंकार सुरू होतो. हा हुंकार 20 च्या वरही असतो, त्यामुळे तो फिल्टरने जात नाही, अंतरानेच जातो. पक्क्या विटांच्या भिंतीत ठोकलेली फळी उत्तम. ती नसेल तर प्लेअरखाली कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबराचे तुकडे. स्वयंपाकघराचा ओटा बनवणाऱ्याकडे उरलेला कडप्पा मिळतो. जुन्या वाड्यातल्या लाकडी माडीवर राहत असाल तर भिंतीची फळीच हवी, नाहीतर कोणी चाललं तरी सुई उडी मारेल.

दोन, यंत्र. प्लेअरची मोटर किंवा बेअरिंग घरघरत असेल तर तेल आणि दुरुस्ती. जुन्या रबरी चाकाच्या प्लेअरमध्ये मोटरची घरघर 25 हर्ट्झच्या आसपास येऊ शकते. तीही 20 च्या फिल्टरला दाद देत नाही.

तीन, जोडी. वर दिलेला हिशेब करा आणि उत्तर 8 ते 12 च्या मध्ये येईल असं कार्ट्रिज निवडा.

चार, मोनो. हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि फुकटचा उपाय. स्टिरिओ खाचेत सुईची आडवी हालचाल म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज, आणि उभी हालचाल म्हणजे दोघांतला फरक. तबकडीचा वाकडेपणा सुईला मुख्यतः उभाच हलवतो. त्यामुळे डावं-उजवं जोडलं, की उभी हालचाल स्वतःलाच खोडते. दोन्ही बाजू जोडून घेणारा एकच सबवूफर असेल तर हे बऱ्याच अंशी आपोआप होतं. दोन सब डावे-उजवे वेगळे लावले की होत नाही. मोनो रेकॉर्ड असेल तर पूर्ण मोनोच करा. तिच्या उभ्या हालचालीत एक कणही गाणं नसतं.

पाच, मग फिल्टर. फोनो प्रीअ‍ॅम्पवर बटण असेल तर ते दाबा. नसेल तर प्रीअ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये वेगळा लावा. रेकॉर्डी संगणकावर उतरवून घेत असाल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 20 हर्ट्झचा हाय-पास द्या; खर्च शून्य.

आणि रेकॉर्डी उभ्या ठेवा. माळ्यावर नको.

कोणाची रेकॉर्ड फेकायची

इतका त्रागा कशासाठी, असं वाटेल. काही हौशी लोकांचे पडदे हलतात, हलू देत की.

पण त्या संध्याकाळी पडद्याने आणि सोवळ्याने मिळून एक निकाल दिला होता: ही रेकॉर्ड कचरा आहे. असे निकाल रोज दिले जातात, आणि ते कोणाविरुद्ध जातात ते बघा. युरोपात नव्याने दाबलेली, जाड, सपाट, महागडी तबकडी फिल्टरशिवायही बरी वाजते. वाकते ती आपली. दमदमच्या कारखान्यातून आलेली, कोणाच्या लग्नात भेट मिळालेली, चाळीत दहा घरांत फिरलेली, कव्हर गेल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मोठ्या नावांचं बरंचसं गाणं फोनवर सापडतं. पण एखाद्या कमी प्रसिद्ध गायिकेची दोन पदं, एखादं कीर्तन, जिल्ह्याबाहेर न गेलेला एखादा तमाशा, हे कोणी परत काढणार नाही. ते असेल तर त्या वाकड्या तबकडीतच असेल. 'यंत्र शुद्ध हवं, रेकॉर्ड सपाट हवी' हा नियम धरला तर यातलं काहीच वाचत नाही. मग उरतं दर्जेदार यंत्र, आणि त्यावर वाजवायला बाहेरून मागवलेली रेकॉर्ड.

माझ्या वयाच्या मुलांना हा छंद असाच विकला जातो. आधी प्लेअर घ्या, मग सब घ्या, पडदा थरथरला की केबल बदला, मग कार्ट्रिज, मग प्लेअरच बदला. एक बटण दाबा, असं कोणी सांगत नाही. बटणात कोणाचा फायदा नाही. आणि शेवटी घरातली जुनी रेकॉर्ड नीट वाजली नाही की दोष रेकॉर्डचा, आजीचा, माळ्याचा.

मी आत्याच्या रेकॉर्डचं घड्याळ केलं नाही. घरी जुन्या बाजारातून आणलेला एक जपानी अ‍ॅम्प्लिफायर आहे, एका कोपऱ्यात पोचे आलेला. त्यावर ती दोन्ही बटणं आहेत. रविवारी सकाळी मोनो दाबलं, सबसॉनिक दाबलं आणि सुई ठेवली. सुई होतीच तशी होडीसारखी वर-खाली होत. सबचा पडदा मात्र गप्प बसला होता. मग पेटीचा सूर आला, तबला आला आणि त्या बाई गायल्या. मी आत्याला फोन लावून स्पीकरसमोर धरला. दोन मिनिटं पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "दुसऱ्या बाजूचं तिसरं लाव गं. ते जास्त चांगलं आहे."

पुढच्या बैठकीला मी ती रेकॉर्ड परत नेणार आहे. पिशवीत अ‍ॅम्प्लिफायरही असेल. चार मजले आहेत आणि लिफ्ट बंद असते, पण हरकत नाही.